शंखास्थी : रचना, मर्मविचार आणि कर्णपूरणापूर्वीची परीक्षा

कर्णशूल, कर्णस्राव, कर्णनाद, बाधिर्य यांपैकी एखादी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात नित्य असतो. त्यास आपण कर्णपूरण, कर्णधूपन, कर्णप्रमार्जन इत्यादी उपक्रम योजतो. नेत्रात औषध घातले असता त्याचा परिणाम समोर दिसतो. कानाचे तसे नाही. तेलाचा थेंब कर्णकुहरात उतरला की पुढे तो कोठे गेला हे वैद्यास दिसत नाही. तो जेथे जातो ती सर्व जागा एकाच अस्थीच्या पोटात सामावलेली आहे. ती अस्थी म्हणजे शंखास्थी होय.

पदवी अभ्यासक्रमात रचना शारीर शिकताना ही अस्थी आपण सर्वांनी हातात घेतलेली आहे. कवटीतील सर्वांत गुंतागुंतीची म्हणून ती मौखिक परीक्षेत विचारली जाते, आणि परीक्षा संपताच बहुधा विस्मरणात जाते. प्रस्तुत लेखात तिची संपूर्ण रचना देण्याचा आमचा हेतू नाही. वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या नित्य व्यवहारात जेवढी रचना उपयोगी पडते, तेवढीच येथे घेतली आहे. आमचे प्रतिपादन असे की, या अस्थीच्या भिंती कोठे जाड व कोठे पातळ आहेत हे ज्याने ध्यानात ठेवले, तो कानाचा पडदा पाहिल्याशिवाय कानात थेंबभरही तेल घालणार नाही.

संहितांतील शंख

चरकांनी ३६० अस्थी सांगितल्या व त्यांत दोन शंखक मोजले. सुश्रुतांनी ३०० अस्थी सांगितल्या. त्यांत गंड, कर्ण व शंख या प्रत्येक स्थानी एकेक अस्थी दोन्ही बाजूंस गणली आहे. अस्थींचे प्रकार सांगताना सुश्रुतांनी शंखाची गणना कपालास्थींत केली आणि कर्णाची गणना तरुणास्थींत केली. याचा अर्थ आम्ही असा लावतो की, कर्णपालीच्या व कर्णकुहराच्या बाहेरील भागातील कूर्चा म्हणजे सुश्रुतांची कर्णास्थी, आणि कानशिलाचा चपटा भाग म्हणजे शंखास्थी. आज आपण ज्या अस्थीस शंखास्थी म्हणतो तिची व्याप्ती याहून मोठी आहे. कविराज गणनाथ सेन यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथापासून शंख हा शब्द संपूर्ण अस्थीस रूढ झाला. म्हणून संहितेतील शंख व आजची शंखास्थी यांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवणे इष्ट.

अस्थीचे भाग

अभ्यासाच्या सोयीसाठी शंखास्थीचे पाच भाग केले जातात.

१. शल्कभाग किंवा स्क्वॅमस भाग : कानशिलाचा पातळ, पंख्याच्या आकाराचा भाग. याच्यापासून निघालेला फाटा पुढे गंडास्थीस मिळतो व गालावरील कमान तयार होते. या फाट्याच्या मुळाशी खाली जो खळगा आहे त्यात खालच्या जबड्याचे टोक बसते.

२. अश्मभाग किंवा पेट्रस भाग : कवटीच्या तळात आडवा बसलेला त्रिकोणी भाग. दगडासारखा कठीण म्हणून हे नाव. अंतःकर्णाभोवतीचे अस्थिकवच शरीरातील सर्वांत घन अस्थींपैकी एक आहे. हरियाणातील राखीगढी येथील प्राचीन सांगाड्यांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. हजारो वर्षे मातीत राहूनही अश्मभागात जनुकीय द्रव्य टिकून राहते, म्हणून अशा अभ्यासात संशोधक प्रथम हाच भाग शोधतात.

३. गोस्तनभाग किंवा मॅस्टॉइड : कानामागे हाताला लागणारा उंचवटा. बाहेरून तो भरीव वाटतो, परंतु आतून मधाच्या पोळ्यासारखा वायुकोशांनी भरलेला असतो.

४. टिंपॅनिक भाग : पन्हळीसारखा वाकलेला पत्रा. कर्णकुहराची पुढची भिंत, तळ व मागच्या भिंतीचा काही अंश याने तयार होतो.

५. स्टायलॉइड : खाली उतरणारा सुईसारखा अणकुचीदार भाग. याच्या व गोस्तनाच्या मधील छिद्रातून मुखाच्या स्नायूंना चेतना देणारी सातवी शीर्षण्य नाडी बाहेर पडते.

कर्णकुहर आणि पडदा

प्रौढांत कर्णकुहराची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. त्यातील बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा व आतील दोन तृतीयांश भाग अस्थीचा होय. केस व मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरील भागात असतात. म्हणून मळ बाहेरच तयार होतो. काडी अथवा पिन घालणारा मनुष्य तो आत ढकलतो. आतील भागाची त्वचा अस्थीला थेट चिकटलेली व अतिशय पातळ असल्याने तेथे लहानशा पिटिकेनेही असह्य शूल होतो.

कुहर सरळ नसून किंचित वाकडे आहे. प्रौढांत कर्णपाली वर व मागे, आणि लहान बालकांत खाली व मागे ओढली असता ते सरळ होते व पडदा दिसतो. पडद्यापासून सुमारे ६ मिलिमीटर अलीकडे कुहर सर्वांत अरुंद आहे. मुलांनी घातलेला हरभरा, वाटाणा किंवा मणी येथे अडकतो. धान्याचा दाणा पाण्याने फुगतो, म्हणून तेथे पिचकारी मारणे वर्ज्य.

पडद्याची उंची ९ ते १० मिलिमीटर, रुंदी ८ ते ९ मिलिमीटर आणि जाडी केवळ ०.१ मिलिमीटर. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा व चमकदार दिसतो आणि त्याच्या पुढच्या-खालच्या भागात प्रकाशाचा त्रिकोण दिसतो. आपण कानात घातलेले तेल आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये जे अडसर आहेत, त्यांतील हा पहिला होय.

मध्यकर्णाच्या सहा भिंती

पडद्याच्या आत मध्यकर्णाची चिंचोळी पोकळी आहे. तीस सहा भिंतींची खोली मानले असता सर्व संबंध सहज ध्यानात राहतात.

छत अस्थीच्या पातळ पत्र्याचे असून त्याच्यावर मेंदूचा शंखखंड विसावलेला असतो. तळाखाली मन्येची मोठी नीला येते. पुढच्या भिंतीलगत मेंदूस रक्त नेणारी धमनी जाते आणि तेथेच नासामार्गाच्या मागील भागात उघडणारी युस्टेशियन नलिका सुरू होते. मागच्या भिंतीतील वाट गोस्तनाच्या मुख्य वायुकोशात जाते. त्याच्यापलीकडे मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी सिग्मॉइड नीलावाहिनी आणि लघुमस्तिष्क आहेत. बाहेरची भिंत म्हणजे पडदा. आतील भिंतीच्या पलीकडे अंतःकर्ण आहे. तिच्यावर दोन गवाक्षे आहेत, आणि त्यांतील गोल गवाक्ष केवळ पातळ त्वचेने झाकलेले आहे. याच भिंतीवरून सातव्या नाडीची नळी जाते. त्या नळीचे अस्थिकवच अनेक माणसांत जन्मतःच काही ठिकाणी अपुरे असते.

आता व्याधीचा विचार करू. जीर्ण कर्णस्रावाचे दोन प्रकार व्यवहारात ओळखावे लागतात. एका प्रकारात स्राव भरपूर, चिकट व बहुधा दुर्गंधरहित असतो. सर्दी झाली की वाढतो. येथे छिद्र पडद्याच्या मध्यभागी असते. दुसऱ्या प्रकारात स्राव थोडा, पण अतिशय दुर्गंधी व कधी रक्तमिश्रित असतो. छिद्र पडद्याच्या वरच्या भागात किंवा कडेला असते. या दुसऱ्या प्रकारात त्वचेच्या थरांची कोलेस्टिएटोमा नावाची गाठ मध्यकर्णात वाढते व अस्थी खात जाते. छत खाल्ले गेले तर मस्तिष्कावरणशोथ किंवा मेंदूत विद्रधी, मागची भिंत खाल्ली गेली तर नीलावाहिनीत रक्ताची गुठळी, सातव्या नाडीची नळी उघडी पडली तर अर्दित, अंतःकर्णाची अर्धवर्तुळाकृती नलिका उघडी पडली तर भ्रम, असा क्रम प्रत्येक भिंतीच्या शेजाराप्रमाणे घडतो. पूतिकर्णाचे वर्णन वाचताना दुर्गंधी या लक्षणास सुश्रुतांनी स्वतंत्र व्याधीचे स्थान का दिले असावे, याचा विचार येथे वाचकांनी अवश्य करावा.

आमच्या चिकित्सालयात अर्दिताचा रुग्ण आला की आम्ही नस्य, शिरोबस्ती यांचा विचार करण्यापूर्वी त्याचा कान पाहतो व कान कधी वाहत होता का हे विचारतो. अशाच एका मध्यमवयीन शेतमजुराने, लहानपणापासून कान ‘थोडासा येतो’, असे सहज सांगितले. स्राव नगण्य होता, पण दुर्गंधी खोलीभर पसरत होती. त्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा शल्यतज्ज्ञांकडे धाडले व त्याची शस्त्रक्रिया झाली. अर्दित म्हणून वातहर चिकित्सा करीत राहिलो असतो, तर भिंत आतून खाल्ली जात राहिली असती.

बालकाची शंखास्थी

बालकाची शंखास्थी म्हणजे प्रौढाच्या अस्थीची लहान प्रतिकृती नव्हे. अंतःकर्ण व मध्यकर्णातील तीन अस्थिका जन्मतःच पूर्ण आकाराच्या असतात, परंतु गोस्तनाचा उंचवटा जन्मतः नसतो. तो पुढे मूल मान धरू लागल्यावर हळूहळू वाढतो. त्यामुळे सातवी नाडी बालकाच्या कानामागे त्वचेच्या अगदी जवळ असते. गोस्तनाचा मुख्य वायुकोश जन्मतः पृष्ठभागापासून सुमारे २ मिलिमीटरवर, तर प्रौढांत १२ ते १५ मिलिमीटर खोल असतो. म्हणून बालकाचा पू लवकर कानामागे येऊन सूज दिसते. शल्कभाग व अश्मभाग यांच्यामधील सांधाही बालवयात पूर्ण जुळलेला नसतो. त्या वाटेने दोष मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. युस्टेशियन नलिका आखूड, रुंद व जवळजवळ आडवी असते. प्रतिश्यायाचा कफ आणि आडवे निजवून पाजलेले दूध कानापर्यंत जाण्यास तेवढे पुरेसे होते.

कानामागील सूज व गालगुंड यांत गल्लत होऊ नये. गालगुंडात सूज कानाच्या खाली व पुढे असते आणि कानाची पाळी वर उचललेली दिसते. गोस्तनशोथात कानामागील घडी भरून येते, दाबल्यास तीव्र वेदना होते व संपूर्ण कान पुढे आणि खाली ढकललेला दिसतो. ज्वर असलेल्या बालकात हे चिन्ह दिसले तर लेप लावून वाट पाहू नये.

मर्मविचार

शंखप्रदेशी व त्याच्या परिसरात सुश्रुतांनी सांगितलेल्या मर्मांपैकी तीन येथे महत्त्वाची.

शंख मर्म भुवयांच्या टोकांच्या वर, कान व ललाट यांच्यामध्ये आहे. ते अस्थिमर्म असून सद्यःप्राणहर गणात येते. या गणातील मर्मांवर आघात झाला असता सात दिवसांच्या आत मृत्यू सांगितला आहे. आधुनिक रचनेत या जागेजवळ ललाट, पार्श्विका, स्फेनॉइड व शंख या चार अस्थींचा संगम होतो. गालावरील कमानीच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर वर ही जागा येते. कवटी येथे पातळ आहे आणि तिच्या आतील बाजूस मेंदूच्या आवरणाची मधली धमनी चिकटून जाते. अस्थी भंगली की धमनी फाटते, अस्थी व आवरण यांच्यामध्ये रक्त साचते आणि मेंदूवर दाब वाढत जातो. घात असा की आघातानंतर रुग्ण काही काळ शुद्धीवर, बोलताचालता असू शकतो.

डोक्यावरील मारानंतर चालत आलेला मनुष्य सुरक्षित समजू नये, याचे एक दुर्दैवी उदाहरण सर्वश्रुत आहे. भारताचे कसोटीपटू रमण लांबा यांना २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे, हेल्मेटविना फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करताना, डोक्यास चेंडू लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले, नंतर बेशुद्ध झाले आणि २३ फेब्रुवारीस डोक्यातील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

उत्क्षेप मर्म शंखाच्या वर केसांच्या सीमेवर आहे. ते विशल्यघ्न होय. तेथे रुतलेले शल्य ओढून काढू नये असा संकेत आहे. डोक्यात घुसलेली वस्तू रुग्णालयात नेईपर्यंत जागेवरच राहू द्यावी हा आजचा नियम यापेक्षा वेगळा नाही.

विधुर मर्म कानाच्या मागे व खाली आहे. त्याच्या आघाताने बाधिर्य सांगितले आहे. अश्मभागाचा भंग अंतःकर्णातून गेला असता कायमचे बाधिर्य येते, तीव्र भ्रम होतो व मुख वाकडे होऊ शकते. कानामागे एक-दोन दिवसांनी उमटणारा काळानिळा डाग हे कवटीच्या तळाच्या भंगाचे चिन्ह आहे. दुचाकीवरून पडलेल्या रुग्णाच्या कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल, तर तो द्रव मेंदूभोवतीचा असण्याचा संभव असतो. अशा कानात तेल, थेंब, कापसाचा घट्ट बोळा यांपैकी काहीही घालू नये. कानावर स्वच्छ कापड सैल ठेवून रुग्णास रुग्णालयात न्यावे.

मर्माघाताचा आणखी एक घरगुती प्रकार आहे. कानशिलात जोराने लगावली असता कुहरातील हवा एकदम दाबली जाते व पडदा फाटतो. घरातील मंडळी लगेच लसूण घालून कढवलेले तेल कानात ओततात. वास्तविक असा ताजा फाटलेला पडदा कान कोरडा ठेवला तर बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेथे औषध न घालणे हीच चिकित्सा होय.

कर्णपूरणापूर्वीची परीक्षा

कर्णस्राव, पूतिकर्ण व कृमिकर्ण यांची चिकित्सा सांगताना सुश्रुतांनी शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन ही कर्मे एकत्र सांगितली आहेत, आणि ती पुन्हा पुन्हा निरीक्षण करूनच योजावीत असे बजावले आहे. आजच्या वैद्याजवळ या निरीक्षणासाठी ऑटोस्कोप आहे. तो महाग नाही व त्याचा उपयोग थोड्या सरावाने येतो. आमच्या मते कर्णपूरण करणाऱ्या प्रत्येक चिकित्सालयात तो असलाच पाहिजे.

पडदा अखंड असेल तर सुखोष्ण तेलाने कर्णपूरण करण्यास हरकत नाही. सुखोष्ण या शब्दालाही रचनेचा आधार आहे. अंतःकर्णातील आडवी अर्धवर्तुळाकृती नलिका मध्यकर्णाच्या लगत आहे. कुहरात थंड किंवा अतिउष्ण द्रव गेला की तिच्यातील द्रव हलतो व गरगरते. रॉबर्ट बारानी यांनी याच तत्त्वावर भ्रमाच्या परीक्षेची पद्धत बसविली व त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या परीक्षेत ३० व ४४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वापरतात. म्हणजे शरीराच्या तापमानाहून केवळ ७ अंशांचा फरक भ्रम आणण्यास पुरतो. थंडीच्या दिवसांत बाटलीतले तेल तसेच कानात घालून चक्कर येते म्हणून घाबरलेले रुग्ण आम्ही दरवर्षी पाहतो. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते शरीराइतके कोमट करावे व मनगटावर पाहून मगच घालावे.

पडदा सच्छिद्र असेल तर तेल मध्यकर्णात उतरते. क्षारतेलातील तीक्ष्ण द्रव्ये गोल गवाक्षापर्यंत गेली तर अंतःकर्णास इजा पोहोचू शकते. निर्जंतुक नसलेले तेल तेथे साचून स्राव वाढवते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत बुरशीलाही ते पोषक ठरते. अशा कानात पूरण न करता कोरड्या कापसाने प्रमार्जन करावे, कान पाण्यापासून जपावा व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. प्रतिश्यायाची चिकित्सा व आभ्यंतर औषधयोजना या काळात अवश्य चालू ठेवता येते.

कान सर्वथा निरोगी दिसूनही कर्णशूल असेल, तर शूलाचे मूळ अन्यत्र शोधावे. कानाला पाचव्या, सातव्या, नवव्या व दहाव्या शीर्षण्य नाड्यांच्या शाखा येतात. म्हणून किडलेली दाढ, जबड्याचा सांधा, टॉन्सिल यांचा शूल कानात जाणवतो. तंबाखू खाणाऱ्या प्रौढात एका कानाचा शूल आठवडेच्या आठवडे टिकला तर जिभेचे मूळ व घसा यांची तज्ज्ञांकडून तपासणी झालीच पाहिजे. कर्करोगाची ती पहिली सूचना असू शकते.

औषधविक्रेत्यांसाठी

‘कान फुटला आहे, तेल द्या’ ही मागणी आपल्या दुकानात दररोज येते. बिल्व तेल, क्षारतेल, निशादि तेल यांची बाटली उचलून देण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे.

१. कानातून पू, पाणी किंवा रक्त येते का?
२. डोक्यास किंवा कानास मार लागला आहे का?
३. ताप, तीव्र डोकेदुखी, चक्कर, उलटी, कानामागे सूज किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काही आहे का?
४. पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा पडद्यास छिद्र असल्याचे कोणी सांगितले आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर तेल न देता वैद्याकडे पाठवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर थेट रुग्णालयात. एका बाटलीची विक्री जाईल, परंतु रुग्णाचा विश्वास दुकानाशी राहील. जे औषधनिर्माते स्वतः कर्णतेल बनवितात त्यांनी बाटलीवर ‘पडदा फाटलेल्या अथवा वाहत्या कानात वैद्यकीय सल्ल्याशिवाय घालू नये’ आणि ‘कोमट करून वापरावे’ ही दोन वाक्ये ठळक मराठीत छापावीत. ड्रॉपरचे टोक कानास टेकवू नये व एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, हेही देताना तोंडी सांगावे.

उपसंहार

शंखास्थी एकीकडे अश्मासारखी कठीण तर दुसरीकडे कागदासारखी पातळ आहे. तिच्या कठीण भागाने अंतःकर्णाचे रक्षण केले आहे. पातळ भागांच्या पलीकडे मेंदू, मोठ्या नीला, धमनी व मुखनाडी आहेत, आणि त्यांचे रक्षण बऱ्याच अंशी आपल्या विवेकावर सोपविलेले आहे. कानात तेल घालून बसणे हा वाक्प्रचार मराठीत दुर्लक्षासाठी वापरतात. कर्णपूरण करणाऱ्याकडून तरी ते दुर्लक्ष होऊ नये. आधी पडदा पाहावा, मग तेल कोमट करावे आणि त्यानंतरच पूरण करावे. हा क्रम प्रत्येक चिकित्सालयात व प्रत्येक औषधालयात रूढ व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा विषय पुरा करतो.